लग्नपत्रिकेसाठी कॅलिग्राफी फॉन्ट: निवडण्यापासून प्रेसला फाइल देईपर्यंत

तुळशीचं लग्न लागलं की घराघरात पत्रिकेचा विषय निघतो आणि मग नातेवाइकांत ज्याला थोडंफार कॉम्प्युटर येतं त्याच्या गळ्यात ते काम पडतं. "तू छान करशील, वळणदार अक्षरात नावं टाक फक्त", एवढंच सांगितलेलं असतं. हे "फक्त" किती लांब जातं ते पहिल्यांदा करणाऱ्याला कळत नाही. मी गेली काही वर्षं घरच्यांच्या, मित्रांच्या, सोसायटीतल्या लोकांच्या पत्रिका करतोय, त्यामुळे जे लोक पहिल्यांदाच सुलेखनी म्हणजे कॅलिग्राफी वळणाचा देवनागरी फॉन्ट वापरणारेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. बारशाची, मुंजीची, वास्तुशांतीची पत्रिका असेल किंवा मंडळाचा बॅनर, थोड्याफार फरकाने हेच सगळं लागू होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. फॉन्टच्या वेबसाइटवर त्याचा नमुना बघून त्याच्या प्रेमात पडू नका. तुमच्या पत्रिकेतली नावं त्यात टाइप करून बघा आणि मग ठरवा. नमुन्यात कायम सोपी, देखणी अक्षरं असतात, तुमच्या घरात मात्र हृषिकेश कुऱ्हाडे असू शकतात.

सुरुवातीला काय काय हाताशी पाहिजे

- पूर्ण मॅटर, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला कोड असलेली पद्धत) टाइप केलेलं, घरातल्या निदान दोन मोठ्या माणसांनी वाचून ओके केलेलं
- सगळ्या नावांची वेगळी यादी (वर, वधू, आईवडील, निमंत्रक, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" वाली चिल्लर पार्टी)
- डिझाइनचं सॉफ्टवेअर: इलस्ट्रेटर, कोरल, इनडिझाइन, किंवा फुकटातलं इंकस्केप. कॅनव्हा पण चालेल, पण त्याच्या भानगडी खाली सांगितल्यात
- फॉन्टची ओटीएफ किंवा टीटीएफ फाइल आणि तिच्यासोबत आलेली लायसन्सची फाइल
- साधा प्रिंटर, कारण स्क्रीनवर सगळंच छान दिसतं
- प्रेसवाल्याचा नंबर, आणि त्याच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे याचं उत्तर

शेवटचा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो पहिल्या दिवशीच विचारा.

## १. आधी मॅटर, फॉन्टचं नंतर

मॅटर युनिकोडमध्येच टाइप करा. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर केलं तरी चालतं, ते युनिकोडच असतं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये, म्हणजे कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीत, टाइप केलेलं मॅटर वरून मराठी दिसतं पण आतून ती इंग्रजी अक्षरं असतात, फॉन्ट बदलला की सगळा कचरा दिसायला लागतो. आजोबांच्या काळातल्या पत्रिकेची फाइल कुणी दिली आणि "यातलंच मॅटर घे" म्हटलं तर ती नव्या फॉन्टमध्ये तशीच ओतता येणार नाही. कन्व्हर्टर मिळतात, पण त्यातून काढलेलं मॅटर परत शब्द न शब्द वाचावं लागतं, त्यापेक्षा पत्रिकेएवढं मॅटर नव्याने टाइप केलेलं बरं.

टाइप करताना तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिलं, "॥ श्री गणेशाय नमः ॥" मधला विसर्ग. नव्वद टक्के लोक तिथे कोलन दाबतात. साध्या फॉन्टमध्ये फरक दिसत नाही पण कॅलिग्राफी फॉन्टमध्ये विसर्गाची टिंबं बोरूने काढल्यासारखी चौकटीच्या आकाराची तिरकी असतात आणि कोलनची गोल, त्यामुळे तो ठिगळ लावल्यासारखा दिसतो. दंडाचं पण तेच, दोन उभ्या रेघा म्हणून इंग्रजी पाइप किंवा कॅपिटल आय टाकू नका, दुहेरी दंड हे वेगळं चिन्ह आहे आणि ते मराठी कीबोर्डवर असतं.

दुसरं, ऱ. "वऱ्हाडी मंडळी" लिहायचं असेल तर तो अर्धा र रफारासारखा वर जाता कामा नये. त्यासाठी साधा र नाही तर ऱ वापरून त्याचा पाय मोडायचा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग हलंत, मग ह. साधा र घेतला की "वर्हाडी" होतं, आणि लग्नाच्या पत्रिकेत ते चुकलं की वऱ्हाडीच पहिले बोट ठेवतात.

तिसरं, ॲ. "ॲड." आणि "ॲपार्टमेंट" साठी ॲ हे एकच अक्षर टाकायचं. ए वर चंद्र किंवा अ ला वेगळा चंद्र चिकटवला तर बऱ्याच फॉन्टमध्ये चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

## २. सजावटी अक्षर कुठे, हे ठरवा

कॅलिग्राफी फॉन्ट हा डिस्प्लेसाठी असतो, म्हणजे मोठ्या आकारात, थोड्या शब्दांसाठी. पत्रिकेत त्याच्या वाट्याला काय यावं? वर-वधूची नावं, "शुभविवाह" हे शीर्षक, फार तर वरचं गणेशवंदन. झालं. मुहूर्ताची ओळ, कार्यालयाचा पत्ता, निमंत्रकांची नावं, फोन नंबर हे सगळं साध्या, सरळ फॉन्टमध्ये.

घरून दबाव येतो की सगळंच "तसल्या" अक्षरात पाहिजे. तेव्हा वाद घालत बसू नका, तसं करून एक प्रिंट काढून घरातल्या ज्येष्ठांच्या हातात द्या आणि चष्म्याशिवाय मुहूर्त वाचायला सांगा. प्रश्न मिटतो.

आकडे तर अजिबात सजावटीत नकोत. वळणदार फॉन्टमध्ये १ आणि ९ यांच्या शेपट्या इतक्या सारख्या होतात की मुहूर्त १ वाजून ११ मिनिटांचा की ९ वाजून ११ चा हे कळायला फोन करावा लागतो, आणि फोन नंबर पण त्याच फॉन्टमध्ये असतो.

## ३. फॉन्ट शोधायचे कुठे

फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर गूगल फॉन्ट्सवर जा, भाषेच्या फिल्टरमध्ये देवनागरी निवडा. फिल्टर लावणं महत्त्वाचं, कारण नावावरून फसायला होतं. "श्रीखंड" नावाचा फार गुबगुबीत, झोकदार फॉन्ट तिथे आहे, मराठी माणूस नाव बघून लगेच डाऊनलोड करतो, पण त्यात आहेत गुजराती आणि इंग्रजी अक्षरं, देवनागरी नाहीच.

मला कामाला आलेले सांगतो, माझ्या मतांसकट.

तिल्लाना. इंडियन टाइप फाउंड्रीचा. कॅलिग्राफीचं वळण आहे पण नखरे कमी, वाचता येतो, जाडीचे पाच पर्याय मिळतात. पहिल्यांदाच करताय तर इथून सुरुवात करा. फार "शाही" नाही, घरगुती गोडवा आहे.

अमिता. याची देवनागरी मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, म्हणजे श्रीलिपीवाल्यांची, आणि ती पुढे वाढवून गूगल फॉन्ट्सवर आली. रेग्युलर आणि बोल्ड दोनच. आपल्याकडच्या पत्रिकांत वर्षानुवर्षं पाहिलेलं वळण असल्यामुळे घरच्यांना पटकन आवडतो.

यात्रा वन. मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. भरदार आहे. याची गंमत अशी की यातली इंग्रजी अक्षरंसुद्धा देवनागरीच्या कलमाच्या कोनात काढलीयत, म्हणून पत्रिका दोन भाषांत असेल तर दोन्ही एकाच हातची वाटतात. नाजूक पत्रिकेला जड पडतो, "शुभविवाह" या एका शब्दाला मस्त.

जैनी. मुंबईच्या "एक टाइप" या फॉन्ट करणाऱ्या गटाचा, साधारण १५०३ च्या जैन कल्पसूत्राच्या हस्तलिखितातल्या अक्षरांवरून. काय सुंदर आहे! पण अक्षरं दाट आणि पोथीच्या वळणाची आहेत, कीर्तनाच्या किंवा मंदिराच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेला शोभेल, लग्नात फक्त वरच्या गणेशवंदनाला. याचाच भाऊ जैनी पूर्व, त्यात अक्षरांची जुनी रूपं आहेत, ती आजच्या वाचकाला अडखळवतात.

रोझा वन. हा तसा कॅलिग्राफी नाही म्हणता येणार, पण जाड रेघ खूप जाड आणि बारीक रेघ खूप बारीक असल्याने ऐट आहे. छपाईत या बारीक रेघा त्रास देतात, त्याबद्दल पायरी ७ मध्ये.

कलाम. पेनाने लिहिलेल्या हस्ताक्षरासारखा. नावांना नको, पण "आहेर आणू नये" सारख्या छोट्या ओळीला चालतो.

या सगळ्यांचं लायसन्स ओपन फॉन्ट लायसन्स आहे, म्हणजे पैसे घेऊन केलेल्या कामात वापरले तरी अडचण नाही, फक्त फॉन्टची फाइल स्वतंत्रपणे विकायची नाही. बाहेर टेलिग्रामवर "५०० मराठी कॅलिग्राफी फॉन्ट झिप" म्हणून जे फिरतं त्यापासून लांब राहा. त्यातले बरेचसे कुणाचे तरी विकाऊ फॉन्ट असतात, निम्मे जुन्या डीटीपी पद्धतीचे, युनिकोड मॅटर त्यात बसतच नाही. आणि "फक्त वैयक्तिक वापरासाठी फुकट" लिहिलेला फॉन्ट स्वतःच्या बहिणीच्या पत्रिकेला ठीक आहे, पण तुम्ही गिऱ्हाइकाकडून पैसे घेणार असाल तर विकत घ्या.

आणि इंग्रजीचे प्रसिद्ध स्क्रिप्ट फॉन्ट? हर्मन झाफ यांचा झापफिनो, एडवर्डियन स्क्रिप्ट, ग्रेट व्हाइब्स वगैरे? त्यात देवनागरी नाही. तुम्ही यादीतून ग्रेट व्हाइब्स निवडला आणि मराठी टाइप केलं की कॉम्प्युटर गुपचूप आपल्याकडचा मंगल किंवा निर्मला हा मराठी फॉन्ट उचलून आणतो, यादीत नाव मात्र ग्रेट व्हाइब्सच दिसत राहतं. मंगल हा र. कृ. जोशींनी केलेला, स्क्रीनवर वाचण्यासाठी उत्तम फॉन्ट आहे, त्याचा दोष काही नाही, पण पत्रिकेवर नावांसाठी तुम्हाला तो नको होता.

## ४. नावांची परीक्षा (ही पायरी गाळायची नाही)

फॉन्ट इन्स्टॉल केला की आधी तुमच्या नावांची यादी त्यात टाका. मग हे शब्द टाका:

वाङ्निश्चय, वऱ्हाडी, सर्वांनी, कीर्ती, हृषिकेश, ऋतुजा, ज्ञानेश्वर, श्रद्धा, विद्या, लक्ष्मी, रुक्मिणी, ज्येष्ठ, शुभविवाह, लग्न

मोठ्या आकारात, साधारण ७२ पॉइंटला, प्रिंट काढा आणि एकेक बघा. काय बघायचं ते सांगतो.

"वाङ्निश्चय" हा एकटा शब्द अर्ध्या फॉन्टना गारद करतो. ङ चं टिंब सजावटी फॉन्टमध्ये पोटाच्या इतकं जवळ येतं की छापल्यावर ते पोटात मिसळून ड दिसतो, मग पत्रिकेवर "वाड्निश्चय" छापलं जातं. ङ चा पाय मोडून पुढे नि आला तर चालेल, पण नि ची वेलांटी भलतीकडे गेलेली चालणार नाही. पुढे श्च: तो जुन्या पद्धतीने जोडलेला असो की अर्धा श आणि च असा सुटा, दोन्ही बरोबर, पण श आणि च यांच्यात हलंताचा तुकडा लोंबत असेल तर त्या फॉन्टमध्ये ते जोडाक्षर नाहीच असं समजा.

"सर्वांनी" मध्ये व च्या कान्यावर रफार आणि अनुस्वार एकत्र येतात, खेटून नी ची वेलांटी. साध्या फॉन्टमध्ये यांना जागा ठरवून दिलेली असते. सजावटी फॉन्टमध्ये रफाराचा झोका मोठा, वेलांटीचा त्याहून मोठा, आणि अनुस्वार बिचारा मध्ये चेंगरून नाहीसा होतो. "कीर्ती" मध्ये दोन वेलांट्या आणि दुसरीवर रफार, तिथेही हेच बघा. वधूचं नाव कीर्ती, स्फूर्ती किंवा मूर्ती असेल तर फॉन्टची निवड याच शब्दावर करा, बाकी सगळं दुय्यम.

"हृषिकेश" मध्ये ह ला ऋकार नीट जोडलाय का, की ह च्या खाली वेगळा लटकतोय? "श्रद्धा" मध्ये द्ध एकात एक बसलाय की द चा पाय मोडून ध पुढे ठेवलाय? दुसरं चुकीचं नाही, पण एका नावात द्ध जोडलेला आणि दुसऱ्यात द्य तोडलेला असं मिश्रण फार वाईट दिसतं.

आता ल आणि श. "लग्न" ची सुरुवात ल ने, "शुभविवाह" ची श ने, म्हणजे पत्रिकेवरची सगळ्यात ठळक दोन अक्षरं हीच. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहायची पद्धत, राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या शासन निर्णयातही हीच रूपं दिलीयत. बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी वाचक समोर ठेवून केलेले असतात आणि त्यात ल ला पाकळी नसून सरळ दांडी असते. काही फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आत असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की आपोआप बदलतात, इनडिझाइनच्या कॅरेक्टर पॅनलमध्ये भाषा मराठी करून बघा. नाही बदललं तर ग्लिफ पॅनल (फॉन्टमधली सगळी अक्षररूपं दाखवणारी खिडकी) उघडून शोधा. तिथेही नसेल तर तुम्ही ठरवा, बहुतेक पाहुण्यांना कळणारही नाही, पण घरात मराठीचे शिक्षक असतील तर कळेलच.

शेवटी रु आणि रू. वळणदार फॉन्टमध्ये या दोघांत जेमतेम एका गाठीचा फरक राहतो. रुपाली की रूपाली हे त्या मुलीला विचारूनच टाइप करा आणि छापल्यावर तेच दिसतंय ना ते बघा.

## ५. सॉफ्टवेअरची सेटिंग

फॉन्ट चांगला आणि मॅटर बरोबर, तरी वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं तुटलेली दिसतायत? मग फॉन्टला शिव्या देऊ नका, सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की बाबा हे भारतीय भाषेतलं मॅटर आहे.

इलस्ट्रेटर: प्रेफरन्सेस, टाइप, "शो इंडिक ऑप्शन्स" ला टिक. मग पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत "मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन" वाला कंपोझर निवडा. इनडिझाइन: पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत "वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर". फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये याच नावाचा पर्याय असतो, व्हर्जननुसार जागा आणि नाव थोडं इकडेतिकडे होतं. इंकस्केपला काहीच सांगावं लागत नाही, ते मुळातच नीट दाखवतं. जुन्या कोरलमध्ये युनिकोड मराठी टाकण्याचा हट्ट करू नका, नवीन घ्या नाहीतर इंकस्केपमध्ये नावं करून एसव्हीजी तिकडे न्या.

कॅनव्हाची भानगड अशी की त्यातले तयार टेम्प्लेट इंग्रजीसाठी केलेले असतात आणि शीर्षकाला अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडलेली असते. तुम्ही त्यात मराठी नाव टाकता आणि शिरोरेघ जागोजाग तुटते. लेटर स्पेसिंग शून्य करा. स्वतःचा फॉन्ट अपलोड करायची सोय पैसे भरलेल्या प्लॅनमध्येच आहे.

## ६. अक्षरं मांडताना

लेटर स्पेसिंगचं आत्ताच सांगितलं, ते सगळीकडे लागू. देवनागरीत ट्रॅकिंग (म्हणजे हेच लेटर स्पेसिंग) शून्य, कायम. शब्द पसरून जागा भरायची असेल तर आकार वाढवा.

दोन ओळींतलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवू नका. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. साध्या फॉन्टला आकाराच्या दीडपट अंतर पुरतं, कॅलिग्राफीला बघून वाढवा. वरच्या ओळीत "चि. विष्णू" आणि खाली "चि. सौ. कां. कीर्ती" असेल तर विष्णूचा ऊकार आणि कीर्तीची वेलांटी एकमेकांत अडकतात. अशा वेळी अंतर वाढवण्याऐवजी खालचं नाव थोडं उजवीकडे सरकवलं तर दोन्ही झोके एकमेकांच्या रिकाम्या जागेत छान बसतात, आणि मांडणी हाताने केल्यासारखी वाटते.

फॉन्टला बोल्ड नसेल तर बटण दाबून बोल्ड करू नका. सॉफ्टवेअर सगळीकडून सारखाच थर चढवतं, जाड-बारीक रेघेतला फरक जातो, आणि कॅलिग्राफीत असतं काय दुसरं? तिरकं करायचं बटण तर विसराच. बोरूचं टोक देवनागरीसाठी एका बाजूने तिरकं कापतात, इंग्रजीसाठी त्याच्या उलट बाजूने, त्यातून जाड रेघ कुठे पडायची ते ठरतं. बटणाने अक्षर ढकललं की तो कोन बिघडतो. त्याच कारणाने बारीक कॉपरप्लेट वळणाचा इंग्रजी फॉन्ट भरदार देवनागरीशेजारी परका वाटतो, आणि तो वापरलाच तर सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये टाकू नका, स्क्रिप्ट फॉन्टची कॅपिटल्स एकामागे एक वाचताच येत नाहीत.

कमानीत नाव बसवायची हौस असते. वक्र रेघेवर देवनागरी टाकली की प्रत्येक अक्षर वेगवेगळं वळतं आणि शिरोरेघ पायरीपायरीची होते. कमान अगदी उथळ असेल तर खपतं, नाहीतर आधी अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे काय ते पायरी ७ मध्ये), एकत्र जोडून मग एन्व्हलपने, म्हणजे आकार वाकवायच्या टूलने, वाकवा.

सोबतीचा साधा फॉन्ट: "मुक्त" नावाचा, किंवा जरा पारंपरिक हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी, ज्यात ल आणि श आपल्या पद्धतीचेच आहेत. यावर फार वेळ घालवू नका.

## ७. प्रेसला फाइल देताना

प्रेसवाले म्हणतात "कर्व्ह करून पाठवा". म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकारांत करायचं, म्हणजे त्यांच्याकडे फॉन्ट नसला तरी फरक पडत नाही. कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ. आधी मूळ फाइलची कॉपी वेगळ्या नावाने ठेवा, कारण कर्व्ह केल्यावर काकांचं राहिलेलं नाव टाइप करता येणार नाही, आणि काकांचं नाव राहतंच.

कुणी म्हणालं "नुसतं मॅटर पाठवा, आम्ही आमच्या फॉन्टमध्ये टाकतो", तर नाही म्हणा. बऱ्याच प्रेसमध्ये अजून जुन्या डीटीपी फॉन्टवर काम चालतं, म्हणजे ऑपरेटर सगळं परत टाइप करणार आणि तुम्ही तपासलेला प्रत्येक शब्द पुन्हा कच्चा होणार. माझ्या ओळखीत एका प्रेसने असंच परत टाइप करून "आशीर्वाद" ऱ्हस्व करून छापलं होतं, तेही जाड सोनेरी अक्षरात.

कर्व्ह केल्यावर एक गोष्ट भिंग लावून बघा. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारची दोन अक्षरं शिरोरेघेवर थोडी एकमेकांवर चढलेली असतात. टाइप असताना दिसत नाही, पण कर्व्ह करून "कंबाइन" केलं की जिथे जिथे चढलेली तिथे शिरोरेघेत बारीक पांढरे चौकोन पडतात. स्क्रीनवर छोट्या आकारात ते जाणवत नाहीत, फॉईलमध्ये (चकाकती पन्नी दाबून केलेल्या छपाईत) मात्र दात पडल्यासारखे दिसतात. कंबाइन न करता कोरलमध्ये "वेल्ड" आणि इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये "युनाइट" करा, सगळी अक्षरं एकसंध होतात.

रेघांची जाडी: गडद रंगात फिक्या कागदावर छापायचं असेल तर सगळ्यात बारीक रेघ निदान पाव पॉइंट, आणि गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं म्हणजे रिव्हर्स असेल तर निदान अर्धा पॉइंट ठेवा. रिव्हर्समध्ये शाई आजूबाजूने आत पसरते आणि रोझा वनसारख्या फॉन्टच्या बारीक रेघा गिळून टाकते. फॉईल आणि स्क्रीन प्रिंटिंगमध्ये तर आतल्या फटीसुद्धा भरतात, क्ष आणि ज्ञ चे पोकळ भाग आधी बंद होतात. हँडमेड कागद असेल तर आणखी जाड रेघ घ्या.

सोनेरी रंगाचं आणखी एक. स्क्रीनवर केलेला चकाकता सोनेरी ग्रेडियंट चार रंगांच्या छपाईत मोहरीसारखा मातकट येतो. खरं सोनेरी हवं तर फॉईल किंवा मेटॅलिक शाई, आणि त्यासाठी फाइलमध्ये ती अक्षरं वेगळ्या लेअरवर, सपाट शंभर टक्के काळ्यात ठेवून द्यायची. बारीक मजकूर चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात नको, नुसत्या काळ्या शाईत ठेवा, नाहीतर रंग जरा जरी सरकले तरी अक्षरांना सावल्या पडतात. कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यासाठी बाहेर वाढवलेली पार्श्वभूमी.

मग प्रूफ. स्क्रीनवरचं नाही, कागदावरचं, शक्य असेल तर ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर. गिरगावात खाडिलकर रोडला पत्रिकांची दुकानं ओळीने आहेत, तिथे जाऊन छापलेले नमुने हातात घेऊन बघितले तरी कुठल्या कागदावर कुठली रेघ टिकते याचा अंदाज येतो. प्रूफ वाचायला डिझाइन न पाहिलेला माणूस बसवा आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे फॉन्ट आड येतोय.

## ८. फॉन्ट नकोच, असंही होऊ शकतं

फॉन्टमध्ये प्रत्येक वेळी तेच अक्षर तस्संच येतं. "ममता" मधले दोन म हुबेहूब सारखे, शेपटीचा झोकासुद्धा तोच. हाताने लिहिणारा दुसरा म थोडा आवरता घेतो, ता चा काना लांबवतो. आपल्याकडे हाताच्या अक्षराची मोठी परंपरा आहे, कमल शेडगे यांनी हाताने रेखाटलेली नाटकांची शीर्षकं किंवा सुलेखनकार अच्युत पालवांचं काम एकदा नीट बघा म्हणजे फॉन्टला काय जमत नाही ते दिसेल. पत्रिकेत फक्त दोन नावं आणि एक शीर्षक सजवायचं असेल तर एखाद्या सुलेखनकाराकडून, कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याकडूनसुद्धा, ते तीन शब्द लिहून घ्यायला हरकत नाही. शाईने पांढऱ्या कागदावर लिहिलेलं ६०० डीपीआयला स्कॅन करायचं, इंकस्केपच्या "ट्रेस बिटमॅप" ने आकारात आणायचं, आणि पुढे पायरी ७ जशीच्या तशी. पैसे मात्र आधी ठरवा आणि द्या, "नाव टाकतो ना पत्रिकेवर" हे मानधन नव्हे.

छापून झाल्यावर व्हॉट्सॲपवर पाठवायची पत्रिका वेगळी करा, छपाईच्या फाइलचा फोटो नको. मोबाइलवर उभी, नावं आणखी मोठी, खाली कार्यालयाच्या मॅपची लिंक. आणि ती पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पीडीएफ पाठवा, फोटो दाबला जातो आणि एवढ्या मेहनतीने जपलेल्या बारीक रेघा पुसट होतात.